चक्रीय अर्थव्यवस्थेचा पैसा भंगाराच्या दुकानापर्यंत पोहोचेल का?

वजनकाटा (धागालेखक)

भारताची चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे जुन्या वस्तू फेकून न देता पुन्हा वापरात आणण्यावर उभे असलेले अर्थकारण, २०५० पर्यंत दोन लाख कोटी डॉलरांहून मोठी होईल आणि तिच्यातून सुमारे एक कोटी रोजगार उभे राहतील, असे केंद्रीय पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी २०२५ मध्ये सांगितले. त्याच्या नऊ वर्षे आधी एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या भारतविषयक अहवालाने २०५० मध्ये वर्षाला ४० लाख कोटी रुपयांचा लाभ होऊ शकतो, असा अंदाज मांडला होता. इतक्या दूरच्या आकड्यांवर वाद घालण्यात मला रस नाही. मला चर्चा हवी आहे ती या प्रश्नावर, की हा पैसा साखळीच्या कोणत्या टोकाला जमा होणार आहे, आणि ज्या टोकाला तो आज पोहोचत नाही तिथे पोहोचवल्याशिवाय बाकीची साखळी चालेल का. ती चालणार नाही, असे माझे मत आहे.

संधी खरी आहे, हे आधीच सांगतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद-भंगार धोरणातील हिशेबानुसार एक टन भंगार वितळवले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. यातला कोकिंग कोळसा, म्हणजे लोहखनिजापासून लोखंड काढायला लागणारा खास कोळसा, आपण बहुतांशी परदेशातून आणतो, म्हणजे गल्लीबोळांतून गोळा झालेला गंजका पत्रा देशाचे परकीय चलन वाचवत असतो. ॲल्युमिनियमचे गणित याहून ठळक आहे. खनिजापासून धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम पुन्हा वापरात येते. जालन्याचे सळईचे कारखाने, मालेगावचे प्लास्टिक पाइप आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून निघणारे पानिपतचे सूत यांचे अर्थकारण ‘चक्रीय’ हा शब्द रूढ होण्याच्या फार आधीपासून याच गणितावर उभे आहे.

माझ्या वडिलांचे पुण्यात रद्दी-भंगाराचे दुकान होते आणि शाळा सुटल्यावर मी वजनकाट्याजवळ बसत असे. एखादी बाई पोते रिकामे करून पाण्याच्या बाटल्या वेगळ्या करायला बसली, की तिच्या हातांचा वेग पाहत राहावा असा असे. बाटली एका प्लास्टिकची, झाकण दुसऱ्या आणि भोवतीचे वेष्टन बऱ्याचदा तिसऱ्याच प्लास्टिकचे असते. ती झाकण पिळून टोपलीत टाकी, वेष्टन नखाने फाडून काढी, बाटली टाचेखाली चेपी, आणि मगच ती ढिगावर जाई. पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनाचा लहानसा तुकडा जरी बाटल्यांच्या चुऱ्यात गेला, तरी वितळवताना तो जळतो आणि सगळा माल पिवळा पडून त्यात काळे ठिपके येतात. कोट्यवधींची यंत्रे बसवलेल्या कारखान्याच्या मालाची प्रत अशी त्या बाईच्या नखावर अवलंबून असते. तिला मिळणारा दर मात्र कच्च्या तेलाच्या भावावर ठरतो. तेल उतरले की नवे प्लास्टिक स्वस्त होते, कारखाने जुना माल घेणे कमी करतात, आणि तिचे श्रम तेवढेच राहून कमाई घटते.

ही स्थिती राष्ट्रीय पातळीवर बदलायची असेल, तर सरकारने आधी मागणी स्थिर केली पाहिजे. कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित माल वापरण्याचे आणि पुढे तो ६० टक्क्यांपर्यंत नेण्याचे बंधन नियमांत आले, ही दिशा योग्य आहे. तसेच बंधन सरकारी इमारती, रस्ते आणि सरकारी खरेदी यांनाही लावावे, आणि वर्गीकरणाच्या श्रमाला मालाच्या भावाशी न बांधलेला, ठरलेला मोबदला द्यावा. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी अवश्य लिहावे.

साशंक

धागालेखकांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण संधी खरी असल्याचे त्यांनी फार लवकर मान्य केले, असे वाटते.

पोलादाचेच उदाहरण पुढे नेतो. भंगार मिळायचे तर वस्तू आधी म्हातारी व्हावी लागते. २०१० मध्ये बांधलेल्या पुलातले लोखंड २०६० च्या आधी मोकळे होईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्या देशाला अजून घरे, पूल आणि रेल्वेमार्ग बांधायचे आहेत, त्या देशात बाहेर पडणारे जुने लोखंड हे आत जाणाऱ्या नव्या लोखंडाच्या मानाने कायम थोडेच राहणार. जुन्या औद्योगिक देशांत भंगाराचा वाटा मोठा दिसतो, कारण त्यांचे बांधकाम दोन पिढ्यांपूर्वी झालेले आहे. तूट भरून काढायला आपण भंगार आयात करतो, आणि युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार २०२७ पासून टाकाऊ माल आपल्यासारख्या देशांना पाठवण्यावर कडक अटी येत आहेत. जो माल दुसऱ्याच्या मर्जीवर येतो, त्याच्या भरवशावर राष्ट्रीय धोरण आखणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

दुसरी शंका रोजगारांची आहे. एक कोटी हा आकडा ऐकायला उत्साहवर्धक आहे, पण त्यातील किती माणसे आजही हेच काम करत आहेत? कचरा वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र दिले म्हणजे नवा रोजगार निर्माण झाला, असे म्हणता येणार नाही. शिवाय इथे एक पेच आहे, ज्याला धागालेखकांनी हात घातलेला नाही. यंत्रे आणून उत्पादकता वाढवली तर टनामागे माणसे कमी लागतील. ती आणली नाहीत तर माणसे तेवढीच राहतील आणि गरीबही राहतील. रोजगार वाढतील आणि वेतनही वाढेल अशी दोन्ही आश्वासने एकाच वेळी देणाऱ्यांनी याचा हिशेब मांडला पाहिजे.

भट्टीवाला

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री आहे. साशंक यांचे पोलादाविषयीचे म्हणणे देशाच्या पातळीवर बरोबर असेल, परंतु आमच्यासारख्या ओतकामाच्या कारखान्यांत लोहखनिज कधीच येत नाही. भंगार, थोडे पिग आयर्न (खनिजापासून आधीच काढलेले कच्चे लोखंड) आणि आमचेच मोडीत निघालेले ओतीव तुकडे, एवढ्यावर भट्टी चालते. त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न भंगार किती मिळेल हा नसून मिळालेल्या भंगारात काय आहे, हा आहे.

मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या एका प्रकारच्या ओतिवात मँगनीज फार कमी ठेवावे लागते. त्यासाठी आम्ही प्रेसशॉपमधून निघणारी पत्र्याची स्वच्छ कात्रणे घेतो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या गाडीत ट्रकच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचे तुकडे मिसळलेले होते. वरून पाहता सगळे एकसारखेच गंजलेले होते. स्प्रिंगच्या पोलादात मँगनीजही असते आणि क्रोमियमही. ओतकाम झाले, माल ग्राहकाकडे गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या यंत्रशाळेतून फोन आला की ड्रिल मोडत आहेत. तुकडा फोडून पाहिला, तेव्हा करड्या, मऊ भेगेऐवजी आत पांढरी, काचेसारखी चकाकणारी आणि तितकीच कठीण कड दिसली. सगळी खेप परत आली आणि पुन्हा वितळवावी लागली. वीज दोनदा जळली. त्यानंतर मी कर्ज काढून स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे धातूतले घटक मोजणारे यंत्र, घेतले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोठी संधी वितळवण्यात नाही, तर प्रतवारीत आहे. ज्याच्याकडे तपासणीचे साधन आहे आणि जो रासायनिक घटक लिहून देऊन भंगार विकतो, त्याला आमच्यासारखे लोक चार पैसे जास्त द्यायला तयार आहेत. धागालेखक म्हणतात तसे नुसते बंधन घातले आणि तपासणी वाढवली नाही, तर उद्या खराब भंगाराची ठिसूळ सळई एखाद्या शाळेच्या छतात जाईल. म्हणून बंधनाची घाई करण्याला माझा विरोध आहे.

करांबद्दलही लिहिले पाहिजे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले, तर १८ टक्के जीएसटी खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. त्याच्याही आधी माझ्या बाबतीत असे घडले, की एका पुरवठादाराची नोंदणी मागाहून रद्द झाली आणि त्याच्याकडून घेतलेल्या मालावरचे करक्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, मला व्याजासह परत करावे लागले. माल आला होता, वजनाची पावती होती, पैसे बँकेतून दिले होते. तेव्हापासून मी फक्त मोठ्या व्यापाऱ्यांकडून घेतो. धागालेखकांच्या वडिलांसारख्या लहान दुकानदाराकडून थेट घेण्याची माझी इच्छा असूनही धीर होत नाही, आणि मधल्या व्यापाऱ्याचा नफा त्यातून वाढतो.

कागदकाच

मी कचरावेचकांच्या संघटनेत बरीच वर्षे काम केले आहे. साशंक यांनी मांडलेला पेच मला मान्य नाही, कारण त्यात गरिबीचे कारण उत्पादकता असल्याचे गृहीत धरलेले आहे. ज्या बाईचे वर्णन वर आले आहे, तिची उत्पादकता कमी नाही. तिच्याकडे मालावरचा हक्क, निवाऱ्याची जागा आणि सौदा करण्याची ताकद नसते.

पुण्यात या तिन्ही गोष्टी काही अंशी मिळवून दाखवलेल्या आहेत. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. तिथे तीन हजारांहून अधिक सभासद काम करतात. त्यांना घराघरांतून दरमहा शुल्क मिळते आणि वेचलेला सुका माल विकण्याचा हक्कही त्यांचाच असतो. वजनकाटा ज्या ठरलेल्या मोबदल्याची मागणी करत आहेत, त्याचा हा चालू असलेला नमुना आहे. तेलाचे भाव पडले तरी शुल्क बुडत नाही. म्हणजे उत्पन्नाचा एक पाय बाजारात आणि एक पाय बाजाराबाहेर, अशी ही रचना आहे.

माझी हरकत मात्र मूळ लेखालाही आहे. त्यात सरकारकडे मागणी स्थिर करण्याचे गाऱ्हाणे आहे, पण महापालिकांच्या निविदांबद्दल एक शब्दही नाही. बहुतेक शहरांत कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात. घंटागाडीत जितके वजन जास्त तितके बिल मोठे. पावसाळ्यात भिजलेला कचरा तर त्याच्या फायद्याचाच ठरतो. कचरावेचकाने वाटेत दहा किलो पुठ्ठा काढून घेतला, की ठेकेदाराचे दहा किलोंचे बिल कमी होते, आणि म्हणून तो तिला गाडीजवळ फिरकू देत नाही. ज्या करारात कचरा वाढवल्याबद्दल पैसे मिळतात, तो करार कायम ठेवून चक्रीय अर्थव्यवस्थेच्या समित्या नेमण्याचा उपयोग काय? केंद्राने २०२१ मध्ये अशा ११ समित्या नेमल्या होत्या. निविदेतले एक कलम बदलले, तर त्याहून अधिक काम होईल.

साखरपट्टा

सगळी चर्चा शहरी भंगारावर चालली आहे, म्हणून उसाच्या पट्ट्यातून थोडे लिहितो. साखर कारखान्यात टाकाऊ असे जवळजवळ काहीच राहत नाही. चोयट्यावर, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडांवर, बॉयलर चालतो आणि उरलेली वीज विकली जाते, मळीपासून इथेनॉल होते, प्रेसमडचे, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचे, खत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की साखरेचा भाव पडला तरी बिल द्यायला कारखान्याकडे दुसरे काहीतरी असते.

तथापि इथे धोका कुठे आहे, हे आम्ही अनुभवले आहे. इथेनॉल बनवणाऱ्या आसवनीसाठी कारखान्यांनी कर्जे काढली, क्षमता वाढवली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने त्या हंगामासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. पुढे मर्यादित परवानगी दिली आणि २०२४ मध्ये निर्बंध उठवले, पण कर्जाचे हप्ते त्या काळात थांबलेले नव्हते. माझ्या मते मळीचे इथेनॉल खरोखर चक्रीय आहे आणि थेट रसाचे नाही, कारण ते उसाचे मुख्य पीकच जाळणे आहे, आणि त्या उसाला पाणी लागते. तरीही एकदा गुंतवणूक करायला सांगितल्यावर हंगामाच्या मध्यात नियम फिरवणे चुकीचे होते. कचऱ्यापासून वायू करण्याच्या प्रकल्पांचीही अशीच गोष्ट आहे: २०१८ मध्ये ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट जाहीर झाले, त्याच्या जवळपासही आपण पोहोचलो नाही.

वाइंडिंगकाम

नाशिकमध्ये गेली तीस वर्षे मी मिक्सर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. इथे सर्वांनी वस्तू मोडून वितळवण्यावरच लिहिले आहे. वस्तू मोडूच न देणे हा या व्यवहारातला पहिला भाग आहे आणि त्यात सर्वांत जास्त हात लागतात, हे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही.

जुन्या मिक्सरचे चार स्क्रू काढले की मोटार हातात येत असे. कार्बन बदलायचा, कपलर बदलायचा, आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, जळले असेल तर तांब्याची जुनी तार काढून नवी भरायची. तो मिक्सर पुढे दहा वर्षे चाले आणि काढलेली तार तांब्याच्या भावाने विकली जाई. आता कित्येक यंत्रांचे कवच दाबून बंद केलेले असते. ते उघडताना फुटते. सुटा भाग मागितला तर अख्खी मोटार घ्यावी लागते, आणि तिची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवे यंत्र घ्यायला निघून जाते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, याचा आनंद आहे. पण सुट्या भागांची विक्री खुली करणे आणि कवच स्क्रूने उघडता येईल असेच ठेवणे, हे कायद्याने बांधून दिल्याशिवाय माझ्यासारख्यांच्या दुकानात शिकायला मुलगा येणार नाही. माझ्याकडचा शेवटचा शिकाऊ मुलगा दोन वर्षांपूर्वी घरोघरी पार्सल पोहोचवायला गेला. ते काम त्याला आवडते असे नाही, पण तिथे महिन्याला पैसे ठरलेले मिळतात.

साशंक

कागदकाच यांचा निविदेबद्दलचा मुद्दा मला पटला आणि वाइंडिंगकाम यांनी मांडलेली बाजू मी विचारात घेतली नव्हती, हे कबूल करतो. परंतु माझी मुख्य शंका अजून शिल्लक आहे आणि ती आरोग्याची आहे.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे आणि अशी सर्वाधिक मुले भारतात आहेत. गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणे हे त्यामागचे एक मोठे कारण त्या अहवालात दिलेले आहे. बॅटरीतले शिसे जवळजवळ सगळे पुन्हा वापरात येते, म्हणजे चक्रीयतेच्या मोजपट्टीवर हा धंदा उत्तीर्ण ठरतो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या भट्ट्यांच्या धुराबद्दल गावकरी वर्षानुवर्षे तक्रारी करत आहेत. तिथेही टाकाऊ मालापासून उपयुक्त माल बनतोच. जे अर्थकारण माल फिरला की यश मोजते आणि तो कोणाच्या फुप्फुसांतून फिरला हे मोजत नाही, त्याला ‘राष्ट्रीय संधी’ म्हणायला मी तयार नाही.

कागदोपत्री व्यवस्थेवरही माझा विश्वास नाही. प्लास्टिक उत्पादकांनी आपला कचरा परत मिळवून त्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, अशी रचना २०२२ मध्ये आली. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील केवळ चार कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. प्रमाणपत्र खोटे असते तेव्हा खरा माल गोळा करणाऱ्याचा भाव त्यामुळे पडतो, हा वजनकाटा यांच्या बाजूचाच मुद्दा आहे. पण मग आणखी बंधने आणि आणखी प्रमाणपत्रे हा त्यावरचा उपाय कसा?

रॉटरडॅमकर

नेदरलँड्सने २०५० पर्यंत संपूर्ण चक्रीय होण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे आणि मी इथे बारा वर्षे राहतो, म्हणून एवढेच जोडतो, की इथे प्रमाणपत्रापेक्षा अनामत रक्कम जास्त काम करते. लहान प्लास्टिक बाटल्यांवर जुलै २०२१ पासून आणि पेयांच्या डब्यांवर एप्रिल २०२३ पासून १५ सेंट अनामत आहे. बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. खोटी बाटली कोणी तयार करत बसत नाही, कारण वस्तू समोर ठेवल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. लहानपणी सोड्याची किंवा शीतपेयाची काचेची बाटली दुकानदार अनामत घेतल्याशिवाय घरी नेऊ देत नसे, त्याची इथे पहिल्या दिवशी आठवण झाली होती. वाईट बाजूही सांगतो: डब्यांवर अनामत आल्यापासून काही गरजू लोक कचराकुंड्या उपसून डबे शोधतात आणि बाकीचा कचरा रस्त्यावर पडतो.

वजनकाटा

सर्वांचे प्रतिसाद वाचून मला माझ्या मांडणीतली एक बाजू बदलावी लागत आहे. मी बंधनांवर सगळा भर दिला होता. भट्टीवाला आणि साशंक या दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवून दिले आहे, की मालाची प्रत्यक्ष तपासणी नसेल तर बंधनाचा लाभ कागद तयार करणाऱ्यालाच होतो. ते मला मान्य आहे.

अनामतीबद्दल दूर जाण्याची गरज नाही. तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दुकानातून विकल्या जाणाऱ्या मद्याच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये जास्त घेतले जातात आणि बाटली परत दिली की ते परत मिळतात. उच्च न्यायालयाने डोंगरातल्या हत्तींच्या पायांत काचा जात असल्याची दखल घेतल्यानंतर ही योजना आली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही बाटल्या ठरलेल्या किमतीला परत घेण्याची तरतूद होती, पण परत कुठे द्यायच्या याची व्यवस्था झाली नाही. ती जागा आपल्याकडे आधीच आहे. प्रत्येक प्रभागात भंगाराची दोन-चार दुकाने असतात, त्यांच्याकडे वजनकाटा असतो, आणि बाटली ओळखणारा माणूस असतो. त्यांना अनामत परत देण्याचे अधिकृत केंद्र करून बाटलीमागे हाताळणीची ठरलेली रक्कम द्यावी, एवढेच हवे आहे.

साशंक यांच्या शिशाच्या मुद्द्याला मी उत्तर देण्याच्या स्थितीत नाही, कारण त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बॅटऱ्या फोडण्याचे काम वस्तीतून बाहेर गेलेच पाहिजे, आणि तिथे लहान दुकानदाराची बाजू मी घेणार नाही. बॅटरी गोळा करणे आणि बॅटरी फोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुकानात राहावी, दुसरी धूर-सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या कारखान्यातच व्हावी. ई-कचऱ्याच्या बाबतीत सरकारने २०२४ मध्ये उत्पादकांनी प्रक्रिया करणाऱ्यांना द्यायचा किमान दर ठरवला, घरगुती उपकरणांसाठी किलोमागे २२ रुपये. त्याविरुद्ध काही मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. माझा आग्रह आहे की त्या किमान दरातला वाटा गोळा करणाऱ्यापर्यंत जावा, म्हणजे त्याला धूर काढून तांबे मिळवण्याची गरज उरणार नाही. आज केबल जाळणारा माणूस हौसेने जाळत नाही. जाळलेल्या तारेला जो भाव मिळतो तो न जाळलेल्या तारेला मिळत नाही, म्हणून जाळतो.

भट्टीवाला यांना एक प्रश्न विचारतो. पाच-सहा लहान दुकानदारांनी मिळून हातात धरता येणारे तपासणीयंत्र घेतले, लोखंड वेगळे करून प्रत्येक ढिगाचे घटक लिहून दिले आणि सहकारी संस्थेच्या एकाच नोंदणीवर पक्के बिल दिले, तर तुम्ही त्यांच्याकडून माल घ्याल का?

भट्टीवाला

घेईन, पण अटी सांगतो. हातातल्या यंत्राने मँगनीज आणि क्रोमियम कळते, कर्ब नीट कळत नाही. आमच्या कामाला तेवढे चालते, कारण कर्ब आम्ही भट्टीत वाढवून घेतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा पूर्ण वेगळा हवा, कारण जस्ताचा पांढरा धूर भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. बंद डबे, शॉकॲब्सॉर्बर आणि पाणी साचलेले पाइप एकही नको. वितळलेल्या लोखंडात ओलावा गेला की स्फोट होतो, आणि माझ्या शेजारच्या शेडमध्ये एका कामगाराचा हात त्यामुळे भाजलेला मी पाहिला आहे. पहिल्या तीन गाड्या मी स्वतः तपासेन आणि चिठ्ठीवर लिहिलेले खरे निघाले, तर चौथ्या गाडीपासून मधल्या व्यापाऱ्याला देतो तोच भाव थेट देईन.

बिल पक्के हवे, एवढे मात्र नक्की.